ळचा मान

मनोहररावांना रिलीज म्हटलं की एकच गोष्ट कळायची, शुक्रवारचा सिनेमा. नागपूरच्या इतवारीतला त्यांचा छापखाना उभा राहिला तोच सीताबर्डीच्या टॉकीजांच्या पोस्टरांवर. नवा पिक्चर लागला की जुन्याचं पोस्टर भिंतीवरून खरवडायचं, नवं चिकटवायचं आणि जुन्याकडे पुन्हा ढुंकूनही बघायचं नाही, हे त्या माणसाचं एकूण शिक्षण. बाकी डोक्यात भुसा. हे मी आजच म्हणते असं नाही, तेव्हाही तोंडावर म्हणायची. तरी त्यांनी मला काढलं नाही, कारण अख्ख्या इतवारीत माझ्यासारखी प्रूफं वाचणारी दुसरी मिळाली नसती. ही बढाई नाही. बरं, बढाईच आहे, असू द्या.

मी पुष्पलता, त्या छापखान्यातली मुद्रितशोधक. चुका काढणं हा माझा धंदाही आणि स्वभावही. सासरचे म्हणत, ही बाई लग्नपत्रिकेतही आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते आणि मुलगा मागून. बघतेच! मुलगा सुधारेल याची कोणी हमी देत नाही, पत्रिका निदान सुधारता येते.

सत्याऐंशीच्या दिवाळीत आमचे अक्षरजुळणीचे शिशाचे खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आला. मनोहररावांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, पडद्याला कुंकू लावलं. ते पुसायला नंतर गोपिकेला अर्धा तास लागला. त्याच्या खोलीत एसी बसवला, आत जाताना चपला बाहेर. मी नागपूरच्या मे महिन्यात प्रूफावर घामाचे थेंब पाडत बसायची आणि ती पेटी थंडगार हवेत लोळायची. एकदा मी म्हटलं, "मनोहरराव, मलाही कुंकू लावा, मग तरी पंखा मिळेल." ते हसले. पंखा काही आला नाही.

गोपिका म्हणजे त्या मशीनवर बसणारी मुलगी. कॉलेज करून कॉम्प्युटरचा कोर्स शिकून आलेली, कमी बोलणारी आणि डोक्यानं लख्ख. छापखान्यात मला आवडणारी माणसं दोनच होती, त्यातली एक ती. दुसरी प्रयागबाई.

प्रयागबाई घडी घालायची. छापून आलेले मोठे कागद जमिनीवर बसून दुमडायचे, लावायचे, शिवायचे, खळ लावायची. काटोलकडची बाई, जरीपटक्याच्या पलीकडच्या वस्तीतून पायी यायची. गुडघे गेलेले. उठताना एक हात भिंतीला आणि तोंडात "माय वं". रोजीवर काम, आली तर रोजी, नाही तर नाही. आयुष्य कागदात गेलं आणि कागदावर काय लिहिलंय ते माहीत नाही, ही गोष्ट तिला एक दिवस लागली. दुपारच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, मले हे शिकवा. मी जल्मभर घड्या घालून राहिली, आत काय हाये ते त समजू द्या."

मी शिकवायला बसले. मी गोड शिक्षिका नाही. बाई हुशार होती, पण अंदाजानं वाचायची. चित्रात डोळा दिसला की अक्षरांकडे न बघताच 'डोया' म्हणून मोकळी. आमच्याकडे ळ कोणाच्या तोंडात टिकत नाही. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, जवळ म्हणजे जवय. मी टेबलावर हात आपटायची. "तोंडात आहे ते नको वाचू वं! कागदावर आहे ते वाच!" ती पुन्हा बोट ठेवायची आणि जीभ वर वळवून, कपाळाला आठ्या घालून म्हणायची, "डो-ळा." पहिल्यांदा नीट जमलं तेव्हा ती स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला.

मला तेव्हा कॉपीहोल्डर हवा होता. प्रूफ तपासायला दोघं लागतात. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफाशी ताडून बघायचा. वाचणारा तो कॉपीहोल्डर. त्याला अक्कल कमी असली तरी चालते, पण कागदावर आहे तेच वाचलं पाहिजे, मनाचं एक अक्षर घालता कामा नये. आमचा जुना कॉपीहोल्डर गावी निघून गेला होता आणि त्याचं स्टूल रिकामं होतं. मी मनोहररावांना म्हटलं, प्रयागबाईला बसवा. महिन्याचा पगार, पक्की नोकरी, गुडघ्यांना आराम.

मनोहरराव खुर्चीत मागे रेलले. "घडीवाली बाई कॉपीहोल्डर? बाप्पा! बरं, पुष्पलताबाई, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. चार लोकाईसमोर एक पान धडाधडा वाचून दाखवू द्या तिले, स्टूल तिचं."

ही अट त्यांनी घातली ती काम टाळायला. पण प्रयागबाईनं ती मनावर घेतली. त्या दिवसापासून जाता-येता त्या स्टुलावरची धूळ ती पदरानं झटकायची, बसायची मात्र नाही.

त्याच सुमाराला एका प्रौढशिक्षण मंडळाचं काम आलं. मोठ्या माणसांना अक्षरओळख करून देणारं पहिलं पुस्तक, रामटेकपासून खाली गावोगाव वाटायचं. मंडळाच्या सचिवांची इच्छा अशी की पुस्तक प्रकाशित होईल त्या दिवशी नव्यानं शिकलेल्या एखाद्या बाईनं त्यातलं पान वाचावं. मनोहरराव टुणकन उठले. "आमच्याच छापखान्यात आहे जी अशी बाई!" फुकटची वाहवा दिसली की त्या माणसाला बायकांच्या शिक्षणाची कळकळ यायची. पण माझं काम झालं. चार लोक आयते मिळाले.

आणि मग नवी रिलीज आली.

आमची अक्षरं ज्या प्रोग्रामवर चालायची तो दिल्लीच्या एका कंपनीचा. जुनी ती रिलीज दोन, फ्लॉप्यांची एक जुडी. आता आली रिलीज तीन, फ्लॉप्यांची दुसरी जुडी. तिच्यात पानाभोवती वेलबुट्टीच्या चौकटी काढायची नवी सोय होती. चौकट दाखवून मंडळाच्या साहेबांना चीत करायचं, असा मनोहररावांचा बेत. गोपिकेनं तीन नंबर चढवली आणि मी माझं नेहमीचं वाक्य तिला टाइप करायला सांगितलं. कुठलाही नवा टाइप आला की मी हेच वाक्य लावून बघते: उथळ पाण्याला खळखळाट फार.

कागद बाहेर आला. 'उथल पाण्याला खलखलाट फार.'

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. गोपिकेनं पुन्हा बटण दाबलं. ळ दाबला की ल. शंभरदा दाबा, ल. मी त्याच पावली मनोहररावांच्या केबिनमध्ये गेले.

"तुमच्या नव्या रिलीजमध्ये ळ नाही."

"नाही म्हंजे?"

"नाही म्हणजे नाही! हरवला. खाल्ला. ळ मागितला की ल हातात ठेवते."

"मंग काय बिघडलं?" मनोहरराव विड्याचं पान लावत होते. "आख्खी इतवारी जवय-जवय करून राहिली. तुमची ते प्रयागबाई डोया म्हणते. माणसाले नाही लागत, अन् मशीनले काहून ळ पाहिजे?"

यावर माणसानं काय बोलावं? मी बोललेच. म्हटलं, बोलायला काहीही बोला, पुस्तक छापायचं आहे, तेही शिकणाऱ्याचं. त्यांनी कंपनीच्या इंजिनीयरला फोन लावून माझ्या हातात दिला. हा इंजिनीयर म्हणजे भर उन्हात टाय घालून फिरणारा पोरगा. मी त्याला टायवालाच म्हणते. तो म्हणाला, "मॅडम, वो अक्षर हिंदी में लगता नहीं, इसलिए निकाल दिया. और मराठी में भी बहुत कम लगता है."

"कमी लागतो?" मी ओरडले. "'कळलं का' विचारायला तोच लागतो, बाळा! आणि तुला काही कळलेलं नाही हे सांगायलाही तोच!"

फोन ठेवला गेला. त्यानं ठेवला की मी आपटला, आठवत नाही.

तोड काढली गोपिकेनं. दोन्ही जुड्यांबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका ती शांतपणे वाचत बसली आणि दुसऱ्या दिवशी मला आत बोलावलं, चपला काढायला लावून. म्हणाली, "ताई, सगळंच जुनं नाही अन् सगळंच नवं नाही, असं करता येते." प्रोग्राम बसवताना मशीन दोन्ही रिलीज चाळतं आणि प्रत्येक भाग जिथला नवा असेल तिथून उचलतं. पण एक लहानशी फाइल असते. तिच्यात एकेका भागाचं नाव लिहून, कोणत्या रिलीजचा किती मान तो आकडा घालायचा. मान मोठा असेल तिथून तो भाग येतो, मग ती रिलीज जुनी का असेना. काही लिहिलंच नाही, तर मात्र नवं ते घे.

"म्हणजे लग्नातला मानपान," मी म्हटलं.

"तसंच. नवरदेव नवा असला तरी मानाचं पान आत्याबाईचं." त्या फाइलीला आम्ही मानपानाची फाइल म्हणायला लागलो.

अक्षरांचा मान रिलीज दोनला, चौकटींचा मान रिलीज तीनला. पहिल्यांदा गोपिकेनं अक्षरांपुढे शंभर लिहिले. मशीननं ढुंकून पाहिलं नाही. नव्याचा मान मुळातच पाचशे धरलेला होता. मग सहाशे लिहिले. तरी ल! पुस्तिका पुन्हा चाळली तेव्हा कळलं की एकदा येऊन बसलेल्या नव्याला उठवून जुन्याला बसवायचं असेल, तर हजाराच्या वर मान द्यावा लागतो. मी म्हटलं, दे एक हजार एक, आहेर समज. गोपिकेनं दिले. कागद बाहेर आला, सभोवती दिल्लीची वेलबुट्टी आणि मधोमध आमचा ळ, पोट फुगवून बसलेला. मी त्या खोलीत टाळी वाजवली.

पुस्तकाची सगळी पानं अशी निघाली. मी प्रूफं तपासली. एकतिसावं पान ळचं, पुस्तकात ळ येतो तो एवढ्या एका पानावर. वर मोठा ळ, खाली बाळ, नळ, डोळा, कमळ, आणि तळाशी वाक्यं: 'सकाळची वेळ झाली. नळाला पाणी आलं. बाळा, डोळे उघड.' प्रयागबाईनं तेच पान निवडलं. मी म्हटलं, सोपं घे, 'क' घे. म्हणाली, "नाही ताई. मले हेच जड गेलं, मी हेच वाचीन." मी सगळ्या पानांवर सही केली आणि छपाईला दिली. माझ्या दृष्टीनं पुस्तक झालं.

गोपिका त्रिपुरी पौर्णिमेला घरच्यांबरोबर रामटेकच्या यात्रेला गेली आणि तिथून मामाकडे राहिली. नेमका तेव्हा टायवाला भेटीला आला. हे मला मागून कळलं, छपाईयंत्र चालवणाऱ्या मशीनमनकडून. टायवाल्यानं मशीन उघडलं, ती फाइल बघितली आणि मनोहररावांना म्हणाला, "साहब, आपके यहाँ तो पुराना चल रहा है."

झालं! मनोहररावांना वाटलं, नव्या पिक्चरचं तिकीट काढून आपल्याला जुनाच दाखवला. "ह्या बायका मले येडा बनवून राहिल्या!" म्हणे. दोन रिलीज एका घरात नांदू शकतात, एकीची चौकट आणि दुसरीची अक्षरं घेता येतात, हे त्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. एका टॉकीजमध्ये एका वेळी एकच पिक्चर लागतो! टायवाल्यानं फाइल पुसली. सगळं नवं झालं. आणि नव्यात चौकट थोडी ठळक येते असं दिसल्यावर मनोहररावांनी स्वतःच्या हातानं सगळी पानं पुन्हा काढली, त्यांच्या प्लेटा केल्या आणि पुस्तक छापून टाकलं. प्रूफ? प्रूफ तर पास झालं होतं ना! पुष्पलताबाईंची सही आहे ना! रिलीज दोनचं पान तपासलेलं, रिलीज तीनचं छापलेलं, आणि सही त्या दोघांमध्ये लोंबकळलेली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण काय उगाच आहे? आणि तीसुद्धा त्या मशीनवर नीट छापता आली नसती.

कार्यक्रम छापखान्याच्या अंगणात, सकाळी. सतरंज्या, भाड्याच्या खुर्च्या, फाटकाला आंब्याचं तोरण. मंडळाचे सचिव आले, खादीचे, घाईतले, सारखे घड्याळ बघणारे. गल्लीतले कागदवाले, शाईवाले, त्यांच्या बायका, सगळे जमले. प्रयागबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती, डोक्याला तेल. मला म्हणाली, "ताई, चुकली त?" मी म्हटलं, कागदावर आहे तेच वाच, बस्स.

ती उभी राहिली. पुस्तक उघडलं. बोट ठेवलं. आवाज खणखणीत.

"बाल. नल. डोला. कमल."

मला वाटलं, घाबरली. मागे कोणीतरी खुसखुसलं.

"स-का-ल-ची वेल झाली. न-ला-ला पाणी आलं. बाला, डोले उघड."

अंगण फुटलं. शाईवाल्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. कोणी ओरडलं, "वेल झाली, आता भोपये येतीन!" सचिवही हसले, वरून खाली बघितल्यासारखं, आणि म्हणाले, "बाई, हा ळ आहे. ळ म्हणता येत नाही का? असू द्या, असू द्या, प्रयत्न महत्त्वाचा." प्रयागबाई पानाकडे बघत राहिली, मग लोकांकडे, मग माझ्याकडे.

मी शेजारच्याच्या हातातलं पुस्तक हिसकलं. पान एकतीस. वर मोठ्ठा ल. खाली बाल, नल, डोला. वेलबुट्टी मात्र ठळक.

"थांबा!" मी म्हटलं. अंगणात माझा आवाज कसा गेला असेल तो गेला. "काय हसता? वाचायला येतं ना तुम्हाला? उघडा पुस्तक! बाई बरोबर वाचते आहे. कागदावर जे आहे ते अक्षर न अक्षर वाचलं तिनं. चुकलंय ते पुस्तक, आणि हसताय कोणाला?"

दोघातिघांनी पुस्तकं उघडली. हसू मात्र संपून गेलेलं होतं, परत गोळा करून दुसऱ्यावर टाकता येत नाही. मनोहरराव लगबगीनं पुढे आले. "साहेब, नवशिकी बाई आहे, घाबरली जी. अन् पुस्तकाचं म्हणाल त हे दिल्लीचं एकदम नवीन रिलीज आहे. तिकडून असंच येऊन राहिलं आता." दिल्ली म्हटल्याबरोबर सचिवांची मान आपोआप हलली, म्हणजे असेल बुवा सुधारणा. मग त्यांनाही काहीतरी खटकलं असावं. "तरी एक शुद्धिपत्र चिकटवा," ते घड्याळ बघत म्हणाले. "रीतसर होईल."

शुद्धिपत्र! ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पहिल्या पुस्तकाला शुद्धिपत्र! म्हणजे आंधळ्याच्या हातात चष्मा देऊन काम झालं म्हणायचं. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी मला नमस्कार केला आणि ते गाडीत बसले.

प्रयागबाई तोवर आत जाऊन घडीला बसली होती, त्याच हिरव्या लुगड्यात. मी जवळ गेले. "छापील कागद वेगळा दिसला तर मला विचारलं का नाहीस वं?"

"तुमालेच काय इचारू?" ती मान वर न करता म्हणाली. "कच्च्या प्रूफात तुमी चुका काढता, मंग पक्कं छापून येते. मले वाटलं, हे तुमीच सुधरवलं. मी घड्या घालता घालता मंग तसंच पाठ केलं. घरी दोन दिस तेच म्हणून राहिली."

कच्चं ते चुकीचं आणि छापील ते खरं. छापखान्यात राहून ती दुसरं काय शिकणार होती?

मी मनोहररावांच्या केबिनमध्ये शिरले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, आमच्याकडे काही शब्द छापत नाहीत. मी म्हटलं, त्या पानाचा सगळा कागद पुन्हा छापायचा. ते म्हणाले, जमणार नाही, गाड्या उद्या निघणार. म्हटलं, निदान गोपिका येऊ द्या, शुद्धिपत्र ती काढेल. म्हणाले, एवढंसं काम मले येत नाही का? मी म्हटलं, नाही येत. मग म्हटलं, एक गोष्ट तरी आज होईल, प्रयागबाई त्या स्टुलावर बसेल, नाहीतर उद्यापासून तुमची प्रूफं टायवाल्याकडून वाचून घ्या. चार लोकांसमोर पान वाचायची अट होती. ती तिनं वाचली. तुम्ही जे छापलंत ते एकही अक्षर न चुकता वाचणारी त्या अंगणात ती एकटीच होती.

मनोहररावांनी पानाची पिंक टाकली, माझ्याकडे बघितलं, आणि मी खरंच जाईन हे त्यांना पटलं. "घ्या बाई, बसवा तिले. माह्यं डोकं नका खाऊ."

जिंकले मी. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगायचं ठरवलं, जरा शांत झाल्यावर.

सकाळी गेले तेव्हा प्रयागबाई खळीचं भांडं घेऊन बसली होती. एका बाजूला पुस्तकांची चळत, दुसऱ्या बाजूला चिठ्ठ्यांची. शुद्धिपत्रं. मनोहररावांनी स्वतः टाइप करून काढलेली. सचिवांनी संध्याकाळी हातानं लिहून पाठवलेला मजकूर बरोबर होता, मशीनवर मात्र तीच रिलीज तीन, सगळं नवं. मी एक चिठ्ठी उचलली.

'पान ३१ : 'ल' ऐवजी 'ल' वाचावे. 'डोला' ऐवजी 'डोला' वाचावे. 'वेल' ऐवजी 'वेल' वाचावे.'

बाप्पा रे बाप्पा! मला हसू आलं की रडू, मीच सांगू शकत नाही. या बह्याड माणसाला माफी मागायलासुद्धा हरवलेलं अक्षरच हवं होतं, आणि ते हरवलंय हेही त्याला दिसत नव्हतं.

"टाक ते भांडं," मी प्रयागबाईला म्हटलं. "ऊठ. स्टूल तुझं झालं. मालकांनी कबूल केलंय. आजपासून माझ्या टेबलाशी बसायचं."

ती उठली नाही. चिठ्ठीला खळ लावत राहिली.

"ऐकतेस ना? तू बरोबर वाचलं होतंस, प्रयागबाई. पुस्तक चुकलं."

"तुमी माह्यासाठी बोलून राहिल्या ताई. मले समजते."

"अगं, तुझ्यासाठी नाही बोलत! खरं आहे ते बोलते. पुस्तक चुकलं!"

"पुस्तक चुकलं असतं त लोक पुस्तकाले हासले असते," ती म्हणाली. "मले काहून हासले?"

तिनं चिठ्ठी पानावर ठेवून तळहातानं नीट दाबली, कोपरे बघितले आणि पुढचं पुस्तक ओढलं.